परक्या भिंतीतलं स्वधन

पितळी टोकन ज्यांनी हातात धरलं आहे, त्यांना त्याचा गार स्पर्श अजून आठवत असेल. पैसे काढायची स्लिप भरायची, ती काउंटरवर सरकवायची, कारकून लेजर उघडून सही ताडून बघायचा, आणि मग नंबर कोरलेला तो गोल बिल्ला हातावर पडायचा. पुढचा अर्धा तास बाकावर बसून रोखपालाच्या जाळीकडे कान लावायचे. हे सगळं पुन्हा एकाच शाखेत. दादरच्या शाखेतल्या खात्याची फोर्टच्या शाखेला खबर नसे, कारण खातं म्हणजे दादरच्या कपाटातलं एक जाडजूड लेजर होतं. पाटीवर बँकेचं नाव एकच असलं, तरी खातेदार शाखेचा असे.

अशा मुंबईत १ फेब्रुवारी १९९७ रोजी एक जाळं सुरू झालं. बँकांची संघटना असलेल्या इंडियन बँक्स असोसिएशनने ते उभारलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव ‘शेअर्ड पेमेंट नेटवर्क सिस्टीम’ असं लांबलचक, पण लोकांसाठी ठेवलेलं नाव छान होतं: ‘स्वधन’. आपलं खातं एका बँकेत असावं, आपण उभं राहावं दुसऱ्याच बँकेच्या एटीएमसमोर, आणि तिथून नोटा निघाव्यात त्या मात्र आपल्याच पैशाच्या. देशातलं अशा प्रकारचं हे पहिलं जाळं. सात वर्षांच्या आतच ते बंद पडलं, आणि आज त्याचं नाव बँकेतल्या निवृत्त मंडळींखेरीज फारसं कुणाच्या तोंडी नाही. मला मात्र यूपीआयच्या कौतुकाच्या कहाण्यांपेक्षा या फसलेल्या प्रयोगात जास्त रस वाटतो.

कारण प्रश्न फार जुना आहे. पुण्याच्या सावकाराने काशीच्या पेढीवर हुंडी लिहून द्यायची, यात्रेकरूने ती तिथे दाखवायची, आणि काशीच्या पेढीने पुण्याच्या शब्दावर रोकड मोजायची. काशीचा सावकार ती रोकड स्वतःच्या तिजोरीतून देतो. पुण्यातला माणूस खरा आहे, त्याची सही खरी आहे आणि हिशेब कधीतरी चुकता होईल, एवढ्या तीन गोष्टींवर त्याचा भरवसा असतो. या उपद्व्यापाबद्दल तो जी मजुरी घेई तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे, हुंडणावळ. बँकांच्या भाषेत आज तिला इंटरचेंज म्हणतात. एटीएमच्या जाळ्यांचा भारतातला सगळा इतिहास या हुंडणावळीवरच्या भांडणाचा इतिहास आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पहिल्या यंत्राला ही कटकट नव्हती. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड इथे बार्कलेज बँकेने भिंतीत रोकड देणारं यंत्र बसवलं आणि रेग व्हार्नी नावाच्या नटाच्या हस्ते त्यातून पहिल्या नोटा काढवल्या. ज्यांच्या डोक्यातून ते निघालं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने आपल्याकडचे, शिलाँगचे. त्या यंत्राला कार्ड लागत नसे. बँकेकडून आधीच घेतलेलं कागदी व्हाउचर त्यात घालायचं, त्या कागदात किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ मिसळलेला असे, यंत्र तो ओळखे, चार आकडी नंबर जुळवून बघे आणि दहा पौंड देई. खात्यात पैसे आहेत की नाहीत हे त्याने कुणालाच विचारलं नाही. व्हाउचर नंतर चेकसारखं वटवलं जाई. चारच आकडे का, तर सहा आपल्या लक्षात राहणार नाहीत असं शेफर्ड-बॅरन यांच्या पत्नी म्हणाल्या म्हणून. ही गोष्ट त्यांनीच नंतर सांगितली आहे.

भारतात यंत्र आलं ते वीस वर्षांनी, १९८७ साली, मुंबईतच. ते बसवलं हाँगकाँग अँड शांघाय बँकेने. परदेशी बँकेने ते आधी आणावं यात नवल नव्हतं. राष्ट्रीयीकृत बँकांत तेव्हा संगणक हा शब्द उच्चारला तरी दारावर घोषणा सुरू होत. कर्मचारी संघटनांशी १९८३ साली झालेल्या करारात यांत्रिकीकरणाला जेमतेम फट ठेवली गेली होती. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि त्यानंतर शाखाशाखांत ‘एएलपीएम’ नावाची यंत्रं दिसू लागली. अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. नावात संगणक नाही, ‘मशीन’ आहे. त्या काळी एखादी वस्तू दारातून आत आणायची तर आधी तिचं नाव सौम्य करून घ्यावं लागे. नोकऱ्या जातील ही संघटनांची भीती आज कुणी हसण्यावारी नेतं, पण लेजरवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ती हसण्यासारखी नव्हती.

या पार्श्वभूमीवर १९९७ सालचं धाडस लक्षात येतं. एकाच बँकेच्या दोन शाखा जिथे एकमेकींशी बोलत नव्हत्या, तिथे वेगवेगळ्या बँकांनी एकमेकींशी बोलावं असं ठरलं होतं. बऱ्याच ठिकाणी एटीएमच्या यंत्रणेकडे खात्याची खरी शिल्लक नसायचीच. शाखेतून ठरावीक वेळाने शिल्लक रकमांची एक यादी पाठवली जायची आणि यंत्र त्या शिळ्या यादीवर विसंबून पैसे द्यायचं. दुपारी कुणी चेकने खातं रिकामं केलं असेल तर रात्री यंत्राला ते ठाऊक नसे. स्वतःच्या ग्राहकाबाबत एखादी बँक हा धोका पत्करेल. दुसरीच्या ग्राहकाबाबत तो पत्करायचा म्हणजे दुसरीच्या यादीवर विश्वास ठेवायचा.

मधोमध एक स्विच ठेवण्यामागचं गणित मात्र पक्कं होतं. ऐन भरात असताना स्वधनमध्ये ५३ बँका होत्या. या ५३ जणींनी आपापसांत थेट तारा जोडायच्या ठरवल्या असत्या तर १,३७८ जोड्या झाल्या असत्या, आणि तेवढेच करार, तेवढेच हिशेब, तेवढीच भांडणं. मध्ये एकच स्विच ठेवला की प्रत्येकीने फक्त त्याच्याशी बोलायचं, ५३ तारांत काम भागतं. टेलिफोन एक्स्चेंजवरची बाई जशी दोन घरं जोडून देई, तसाच हा स्विच. तो चालवायला इंडिया स्विच कंपनी नेमली गेली आणि हजाराच्या वर एटीएम त्याला जोडली गेली.

हजार हा आकडा आज किरकोळ वाटेल. १९८७ नंतरच्या बारा वर्षांत देशभर मिळून दीड हजारच यंत्रं लागली होती हे ध्यानात घेतलं की तो किरकोळ राहत नाही.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते उत्तर ‘लष्कराच्या भाकऱ्या’ या दोन शब्दांत आहे. यंत्र महाग, त्याची वातानुकूलित खोली महाग, टेलिफोनची लाइन दर पावसाळ्यात रुसणारी, त्यात नोटा भरायच्या म्हणजे गाडी आणि बंदूकधारी माणूस. एवढा खर्च करून ज्या बँकेने पन्नास यंत्रं लावली, तिच्या खोलीत गर्दी कुणाची, तर जिने एकही यंत्र लावलं नाही तिच्या खातेदारांची. उलट, यंत्र न लावता नुसतं जाळ्यात शिरणाऱ्या बँकेला फुकटात पन्नास खिडक्या मिळाल्या. शिवाय ज्यांच्याकडे यंत्रं भरपूर होती अशा बँका ‘आमची एटीएम इतकी’ याची जाहिरात करून खातेदार ओढत होत्या. ती बढाई परक्या ग्राहकांना वाटून टाकायची घाई त्यांना कशाला असेल? जाळं तोट्यात चालत राहिलं. इंडिया स्विच कंपनीचा करार संपला तेव्हा ते पुढे चालवायला कुणी पुढे येईना, आणि ३१ डिसेंबर २००३ रोजी स्वधन बंद झालं. सगळं जग नव्या वर्षाच्या तयारीत असताना परक्या बँकेची हजारभर दारं त्या रात्री मिटली.

गंमत अशी की जाळं मेलं तेव्हा जाळ्याची गरज मात्र ऐन भरात आली होती. कोअर बँकिंग पसरू लागलं होतं, लेजर शाखेतून उठून मध्यवर्ती संगणकात जात होतं, पगार थेट खात्यात पडू लागले होते आणि डेबिट कार्ड पाकिटात आलं होतं. म्हणून बँकांनी आपापली टोळकी केली. बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, इंडियन बँक, युनायटेड बँक आणि सिंडिकेट बँक यांनी मिळून ‘कॅशट्री’ काढलं. सिटीबँक, आयडीबीआय, स्टँडर्ड चार्टर्ड आणि तेव्हाची यूटीआय बँक ‘कॅशनेट’मध्ये. पंजाब नॅशनल बँकेनेही आपलं वेगळं जाळं विणलं. स्टेट बँक आपल्या समूहाच्या गोतावळ्यातच सुखी होती. एटीएमच्या काचेच्या दारावर तेव्हा स्टिकरांची अशी गर्दी असे की आत काय आहे ते दिसू नये, आणि आपल्या कार्डावरचं चिन्ह त्यात शोधत बाहेर उभी असलेली माणसं लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव शोधल्यासारखी दिसत. एकही चिन्ह जुळलं नाही तर व्हिसा किंवा मास्टरकार्डाचा रस्ता होता. तो चाले, पण ठाण्याच्या माणसाने ठाण्यात काढलेल्या पाचशे रुपयांसाठी परदेशी कंपनीच्या जाळ्याला वाटखर्च द्यावा लागे.

इथे हैदराबाद गोष्टीत येतं. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली तिथे बँकिंग तंत्रज्ञानाची एक संस्था काढली होती, आयडीआरबीटी. या संस्थेने १९९९ साली उपग्रहाच्या छत्र्यांवर चालणारं, फक्त बँकांसाठीचं ‘इन्फिनेट’ हे जाळं सुरू केलं होतं. म्हणजे रस्ता तयार होता, त्यावर चौक बांधायचा होता. तो चौक म्हणजे नॅशनल फायनान्शियल स्विच, एनएफएस. २७ ऑगस्ट २००४ रोजी तो सुरू झाला तेव्हा त्याला जोडलेल्या बँका होत्या तीन: कॉर्पोरेशन बँक, बँक ऑफ बडोदा आणि आयसीआयसीआय बँक. स्वधन संपून आठच महिने झाले होते. दोन सरकारी आणि एक खाजगी बँक अशी ही जुळणी होती, आणि मधला माणूस यावेळी कंत्राटदार कंपनी नव्हता. रिझर्व्ह बँकेच्याच घरातली संस्था तिथे बसली होती. मला वाटतं, बाकी कुठल्याही तांत्रिक सुधारणेपेक्षा या एका गोष्टीने जास्त फरक पडला. दोन सावकार एकमेकांवर विश्वास ठेवायला कचरतात, पण पंच गावच्या पाटलाकडचा असला की बसतात.

या चौकात काय घडतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. समजा, साताऱ्याच्या एसटी स्टँडजवळच्या एटीएममध्ये एकाने दुसऱ्याच बँकेचं कार्ड घातलं आणि दोन हजार मागितले. कार्डाच्या नंबरातले पहिले सहा आकडे बँकेची ओळख सांगतात. ते बघून यंत्राच्या मालक बँकेला कळतं की हा आपला नव्हे. बँकवाले अशा व्यवहाराला ‘ऑफ-अस’ म्हणतात. मग ती एक संदेश तयार करते. त्याची मांडणी जगभर एकच आहे, आयएसओ ८५८३ या मानकाची, आणि तिच्यात पैसे मागणाऱ्या संदेशाचा क्रमांक ०२००. हा संदेश एनएफएसकडे जातो, तिथून कार्डाच्या बँकेकडे. ती पिन तपासते, शिल्लक बघते, खात्यातून दोन हजार वजा करते आणि ०२१० क्रमांकाचं उत्तर धाडते. उत्तरात दोन आकडे असतात. ०० म्हणजे द्या. ५१ म्हणजे खात्यात एवढे नाहीत. ५५ म्हणजे पिन चुकला. ९१ म्हणजे कार्डाच्या बँकेकडून काही उत्तरच नाही. काही सेकंदांचा हा कारभार. सगळ्या अवाढव्य यंत्रणेचा अर्क त्या दोन शून्यांत आहे. ते आले की यंत्र स्वतःच्या तिजोरीतल्या नोटा मोजायला लागतं.

त्या सहा आकडी ओळखीइतकंच मला पिनच्या प्रवासाचं कौतुक वाटतं. पिन उघडा कधीच फिरत नाही. यंत्राच्या कळफलकातच तो कुलूपबंद होतो. पण ते कुलूप यंत्राच्या बँकेचं, त्याची किल्ली एनएफएसकडे नसते. म्हणून बँक आपलं कुलूप काढून एनएफएसबरोबरचं कुलूप लावते, एनएफएस ते काढून कार्डाच्या बँकेचं लावतो. ही कुलपांची अदलाबदल एका बंद पेटीत होते. ती पेटी फोडायला गेलं तर आतल्या किल्ल्या आपोआप पुसल्या जातात. वाटेत कुणाही माणसाला तो चार आकड्यांचा नंबर दिसत नाही.

आणि नोटा अडकल्या तर? खात्यातून पैसे वजा झालेत, ०० आलंय, आणि नेमक्या त्याच वेळी यंत्राने दात खाल्ले किंवा लाइन गेली. मग यंत्राने उलटा संदेश पाठवायचा असतो, ‘रिव्हर्सल’, म्हणजे वजा केलेले पुन्हा जमा करा. तो पोचला तर ठीक. तोच हरवला तर ग्राहकाचे पैसे दोन बँकांच्या मधल्या पोकळीत लटकतात. त्या काळी माझेही दोन हजार असेच लटकले होते. कार्डाची बँक म्हणे, यंत्राच्या बँकेला विचारा. यंत्राची बँक म्हणे, तुम्ही आमचे खातेदारच नाही. नावं घेत नाही, तेव्हा सगळीकडे हेच चाले. यंत्राच्या पोटातल्या नोंदी आणि संध्याकाळी मोजलेली रोकड ताडून बघितल्यावर पैसे परत येत, पण ताडून बघायची गरज कुणाला? शेवटी रिझर्व्ह बँकेने जुलै २००९ मध्ये फर्मान काढलं की १२ कामाच्या दिवसांत पैसे परत करा, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्या. दोन वर्षांनी १२ चे ७ केले. २०१९ पासून व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवस. दिवसाला शंभर रुपयांचा चाबूक बसल्यावर बँकांची ताळमेळाची खाती एकाएकी चपळ झाली.

दिवसअखेरचा हिशेब मात्र या सगळ्यापेक्षा साधा असतो. आज तुझ्या ग्राहकांनी माझ्याकडून इतके नेले, माझ्यांनी तुझ्याकडून तितके, असं दोघादोघांत चुकतं करत बसायचं नाही. प्रत्येक बँकेचा सगळ्यांशी मिळून एकच नक्त आकडा निघतो, देणं किंवा घेणं, आणि तो रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर फिरतो. चेकच्या क्लिअरिंग हाउसात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हाच रिवाज. त्या हिशेबात हुंडणावळही आलीच.

हुंडणावळीचं भांडण ग्राहकांपर्यंत पोचलं ते २००८ साली. परक्या एटीएमवर कोण किती आकारतं याला धरबंध नव्हता. १० मार्च २००८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितलं, परक्या यंत्रातून पैसे काढले तर फार तर २० रुपये घ्या, आणि १ एप्रिल २००९ पासून तेही नको. एप्रिल फूल समजून कुणी दुर्लक्ष केलं असेल तर त्याचं नुकसान झालं, कारण ते खरं होतं. त्या दिवसापासून देशातलं कुठलंही एटीएम कुणाचंही झालं, फुकट. स्टेट बँकेचा गोतावळाही एव्हाना एनएफएसमध्ये आला होता. लोकांनी जे करायचं तेच केलं. घराखाली जे यंत्र असेल त्यातून शंभर-दोनशे, वाटेल तेव्हा. ग्राहकाला फुकट असलं तरी त्याची बँक यंत्राच्या मालकाला प्रत्येक वेळी १८ रुपये मोजत होती. शंभराच्या नोटेमागे अठरा. साडेसहा महिन्यांत बँकांचा श्वास कोंडला आणि १५ ऑक्टोबरपासून नवा नियम आला. परक्या यंत्रावर महिन्याला पाच वेळा फुकट, एका वेळी फार तर दहा हजार. २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईसह सहा महानगरांत पाचाचे तीन झाले.

ते १८ रुपये पुढे बरेच हिंडले. २०१२ साली १५ झाले. यंत्रवाले म्हणाले परवडत नाही, कार्डवाले म्हणाले हेच जास्त आहेत, आणि बहुतेक बँका या ना त्या प्रमाणात दोन्हीही असल्यामुळे सभेत कोण कुठल्या बाजूने बोलेल हे त्या बँकेची यंत्रं जास्त की कार्डं जास्त यावरून आधीच सांगता यावं. या दरांचा विचार करायला रिझर्व्ह बँकेने २०१९ साली व्ही. जी. कन्नन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १ ऑगस्ट २०२१ पासून १७ रुपये, १ मे २०२५ पासून १९. फुकटचा वाटा संपल्यावर ग्राहकाकडून घ्यायची कमाल रक्कम आता २३ रुपये आहे.

या दोन-तीन रुपयांच्या चढउतारांवर कुणाचं पोट अवलंबून आहे हे बघायचं तर वसई-नायगाव भागातल्या चंद्रपाड्याला जायला हवं. जून २०१३ मध्ये देशातलं पहिलं ‘व्हाइट लेबल’ एटीएम तिथे लागलं. टाटा कम्युनिकेशन्सच्या कंपनीचं, ‘इंडिकॅश’ नावाचं. त्यावर कुठल्याही बँकेची पाटी नाही, कारण ते कुठल्याच बँकेचं नाही. त्याच्यासमोर येणारा प्रत्येक जण परका, प्रत्येक व्यवहार ऑफ-अस, आणि मिळकत प्रामुख्याने हुंडणावळीची. ज्या भाकऱ्या भाजायला स्वधनच्या बँका कुरकुरल्या, त्याच भाकऱ्यांची इथे खानावळ निघाली. शहरात जागा परवडत नाही आणि खेड्यात व्यवहार पुरत नाहीत, या कात्रीत ही मंडळी पुढची बारा वर्षं १५ चे किती होतात याकडे डोळे लावून बसली.

एनएफएस एव्हाना हैदराबादहून मुंबईला आला होता. देयक यंत्रणांसाठीचा कायदा २००७ साली झाला, २००८ च्या डिसेंबरात दहा बँकांनी मिळून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची स्थापना केली, ए. पी. होता तिचे पहिले मुख्याधिकारी झाले, आणि १४ डिसेंबर २००९ रोजी स्विचचा ताबा तिच्याकडे आला. तीन बँकांनी सुरू झालेल्या चौकाला तेव्हा ३७ बँकांची ४९,८८० यंत्रं जोडलेली होती. चौक हाती आल्यावर त्यावरून आणखी काही नेता येईल हे ओघाने आलंच. २०१० च्या नोव्हेंबरात याच स्विचच्या आधाराने आयएमपीएस सुरू झालं: नोटा काढण्याऐवजी एका खात्यातून दुसऱ्यात, रविवारी मध्यरात्रीसुद्धा. त्याच्या पायावर २०१६ साली यूपीआय उभं राहिलं. भाजीवालीच्या गाडीवरच्या चौकटीच्या चित्राचं कूळ असं शोधत गेलं तर शेवटी एटीएमच्या खोलीत जाऊन पोचतं.

कार्डाची गोष्ट वेगळी, कारण दुकानात हुंडणावळ उलटी वाहते. एटीएमवर कार्डाची बँक यंत्राच्या बँकेला पैसे देते, कारण नोटा यंत्राच्या बँकेने पुरवल्या. दुकानात मात्र दुकानदाराची बँक कार्डाच्या बँकेला देते, कारण ग्राहक तिने आणला, आणि तो भार दुकानदाराच्या माथी कमिशन म्हणून येतो. ‘कार्डवर दोन टक्के जास्त पडतील’ असं दुकानदार पडेल आवाजात म्हणायचा त्याचं मूळ हेच. डेबिट कार्डावरच्या या कमिशनला रिझर्व्ह बँकेने २०१२ साली लगाम घातला: दोन हजारांपर्यंत पाऊण टक्का, त्यावर एक टक्का. त्याच वर्षी २६ मार्चला नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने स्वतःचं कार्ड आणलं, ‘रुपे’. गावातल्या माणसाच्या गावातल्याच खरेदीचा वाटखर्च बाहेर जाऊ नये ही त्यामागची एक इच्छा. दोन वर्षांनी जनधन योजना आली आणि ज्यांनी बँकेची पायरी चढली नव्हती अशा कोट्यवधी घरांत हे कार्ड पोचलं. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराचं कमिशन शून्य केलं गेलं. दुकानदार खूश झाला. मग यंत्रणा चालवायची मजुरी कोण देणार, या प्रश्नावर बँका आणि सरकार यांच्यात अजून पत्रापत्री चालू आहे, म्हणजे १९९७ चं भांडण वेगळ्या खोलीत.

पण या जाळ्याचा गाभा ज्याने उघडा पाडला, तो प्रसंग पुण्यातला आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस ही सहकारी बँक. चोरांनी तिच्या यंत्रणेत आधीच शिरकाव करून घेतला होता. त्यांनी तिजोरीला हात लावला नाही, कुणा खातेदाराचं खातंही फोडलं नाही. बाहेरून येणारे प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाण्याच्या वाटेवर त्यांनी स्वतःचा एक तोतया स्विच बसवला. मग २८ देशांतल्या एटीएमसमोर बनावट कार्डं घेऊन माणसं उभी राहिली. प्रत्येक यंत्राने रीतसर विचारलं, याला द्यायचे का? प्रश्न पुण्यात पोचला आणि तोतयाने उत्तर दिलं, ००. खऱ्या लेजरला कुणी काही विचारलंच नाही. काही तासांत परदेशातून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. देशातल्या यंत्रांतून, त्यात कोल्हापूरची यंत्रंही होती, रुपे कार्डांवर २,८०० च्या आसपास व्यवहारांत अडीच कोटी. सोमवारी १३ तारखेला वेगळ्याच मार्गाने, बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपांचं जाळं असलेल्या स्विफ्टच्या संदेशावर, आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

नोटा देणाऱ्या यंत्रांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना ०० आलं होतं, त्यांनी मोजले. पुण्याच्या नावाची हुंडी आली आणि त्यांनी ती वटवली, सही कुणाची हे बघणं त्यांचं काम नव्हतं. खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं बँकेने जाहीर केलं, तोटा बँकेचा. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली ११ जणांना शिक्षा सुनावली. ज्यांनी ते दोन शून्य पाठवले, ते त्या अकरांत नव्हते. हे अकरा बनावट कार्डांच्या आणि काढलेल्या रोकडीच्या साखळीतले होते.